खडूची रेघ

मार्केट यार्डामागच्या त्या गॅरेजवाल्या काकांना मी "किती वेळ लागेल?" असं एकदाच विचारलं. "घाई तुम्हाला आहे की गाडीला?" म्हणाले. पुन्हा विचारलं नाही. कुठलाही बोल्ट सोडवण्याआधी ते त्यावर पान्याने दोनदा टकटक करतात, परक्याचं दार वाजवावं तसं.

शेतावरच्या खडबडीत वाटेसाठी मी माझी पिकअप पुढून दोन इंच उचलून घेत होतो. कामाला हात लावण्याआधी काकांनी हेडलाइट लावले आणि भिंतीवर पडलेल्या उजेडाच्या कडेला खडूने रेघ मारली. कशासाठी, ते सांगितलं नाही.

दुपारी एकला गाडी उंच करायचं किट बसलं. गाडी अशा रुबाबात उभी राहिली की माझीच छाती फुगली. तेवढ्यात काकांनी शटर खाली ओढायला घेतलं. पुण्यात दुपारी शटर खाली आलं की वाद घालायचा नसतो. मी मुकाट्याने बाहेर निघालो.

"अहो, चाललात कुठे? आत या."

बंद गॅरेजच्या अंधारात त्यांनी पुन्हा हेडलाइट लावले. उजेड रेघेच्या चांगला चार बोटं वर गेला होता. तो रेघेवर उतरेपर्यंत काका हेडलाइटमागचे स्क्रू फिरवत राहिले.

"उंच तुम्ही झालात," ते म्हणाले. "समोरच्याचे डोळे आहेत तिथंच आहेत."