सुरणाच्या तुकड्या

मी मासे सोडले तेव्हा आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. मालवणी घरात मासे सोडणं म्हणजे घरच सोडण्यासारखं.

मग एका रविवारी दुपारी आमच्या कांजूरमार्गच्या घरात तोच जुना वास भरला. तिरफळ, कोकम, वाटलेलं खोबरं. मी झोपेत चालत आल्यासारखा पानावर बसलो. भातावर बिनमाशाची आमटी होती आणि बाजूला सुरमईसारखा कापून, रव्यात घोळवून तळलेला सुरण. पडद्यातून आलेलं पिवळं ऊन ताटात हलत होतं. आई पंख्याखाली पेंगत होती. मी तुकडी उचलली, तशी ती डोळे न उघडताच म्हणाली, “काटे बघून खा रे.”

आणि मी, मोठा शहाणा, सुरण मोडून बोटांनी काटे शोधायला लागलो.