ती स्वतःहून उठली नव्हती

नव्या मुलामुलींच्या प्रशिक्षणात मी एक गोष्ट नेहमी सांगते. नांदुरा तालुक्यातलं एक गाव, देवळाच्या सभामंडपात रेशनची सुनावणी, आणि एक साधी बाई उठून साहेबांना म्हणते – माझा अंगठा मशीनवर उमटत नाही, मला धान्य मिळत नाही, माझ्या घरात खायला नाही. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. माझेही भरून येतात, आणि त्याची मला जास्त लाज वाटते. कारण ती बाई उठलीच नव्हती. हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही, आईला माहीत नाही. आज पहिल्यांदाच सांगते आहे, आणि तेही तुम्हाला – तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

समाजकार्याचं माझं शेवटचं वर्ष होतं. इंटर्नशिपसाठी मला एक भजनी संस्था मिळाली. मैत्रिणी हसल्या होत्या – आता टाळ कुटत बस म्हणे. पण ती संस्था निराळी होती. तिचे प्रमुख कीर्तनकार. सगळे त्यांना बुवा म्हणत. बुवांचं म्हणणं असं, की पंगत वाढून एका दिवसाची भूक भागते, उरलेल्या दिवसांसाठी सरकारच्या दारात बसावं लागतं. म्हणून संस्था गावोगाव हिंडून रेशन कुणाचं बंद झालं ते शोधायची, निवेदनं द्यायची, अधिकाऱ्यांना देवळात बोलावून लोकांसमोर बसवायची. मागणी एकच – अंगठा उमटला नाही म्हणून कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवू नका, दुसऱ्या रीतीने ओळख पटवा आणि धान्य द्या.

मला वडनेर भोलजीच्या पुढच्या एका गावात ठेवलं. राहायला देवळाची खोली. तिथे दर गुरुवारी पंगत असायची – वरणभात, वांग्याची भाजी, पोळ्या. गुरुवारी सकाळपासून बायका पोळ्या लाटायला जमत, आणि त्यांत सगळ्यांत आधी यायची वच्छलामावशी. एकटीच राहायची ती. नवरा गेलेला, मुलगा सुरतेला. जन्मभर निंदण-वेचणी करून हाताच्या रेघा पार पुसलेल्या. पण पोळी अशी लाटायची की बघत राहावं. गावात तिला मान होता. सेवा करावी तर वच्छलाबाईसारखी, असं म्हणत सगळे. पंगतीत ती कधी बसायची नाही. सगळ्यांचं झाल्यावर, भांडी घासून झाल्यावर, एका कोपऱ्यात जेवायची.

मी तिच्याशेजारी बसून लाटायचे. माझ्या पोळ्यांचे नकाशे पाहून ती हसायची, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत ते खालच्या थरात सरकवायची.

मग एका गुरुवारी देवळाच्या मागच्या पायरीवर भांडी विसळताना तिने मला सांगितलं. तिचं रेशन कधीचं बंद झालं होतं. मजुरी मिळेल तेव्हा मिळे. उरलेल्या पोळ्या ती पदराखाली घरी न्यायची, वाळवायची, आणि पुढचे दिवस पाण्यात भिजवून खायची. मुलाला कळवलेलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिने माझा ओला हात धरला.

"कोणाले सांगू नको, माय. सेवा मी आधीपासून करतो. आता लोक म्हणतीन, पोटासाठी करते."

नाही सांगणार, म्हणाले मी. देवळाच्या पायरीवर बसून म्हणाले.

मला माझ्या कॉलेजात शिकवलं होतं की अशा वेळी नाव न घेता बोलायचं. मी तसं वाक्य तयारही केलं होतं – "या गावातल्या एका एकट्या बाईचं..." खोलीत आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. म्हणजे मला कळत नव्हतं, असं नाही. हे आधीच सांगून टाकते.

सुनावणीच्या दिवशी सभामंडप भरला. ज्या चौघांनी बोलायचं कबूल केलं होतं, त्यांतले दोघे आलेच नाहीत, आणि दोघे साहेबांना पाहून म्हणाले, तसं काही नाही जी, बरं चाललंय. भरल्या गावात माझ्या घरी खायला नाही असं कोण म्हणेल? तुम्ही म्हणाल? साहेब काही दुष्ट नव्हते. त्यांनी घड्याळ पाहिलं, कागद आवरले, म्हणाले, तक्रारच नसेल तर मी काय लिहून नेऊ? बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी माइक घेतला आणि माझं तयार वाक्य बोलले. साहेबांनी विचारलं – कोण? कुठे आहे ती बाई?

इथे मी गप्प बसू शकले असते. नंतर भेटवते, असं म्हणू शकले असते. पण सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं, आणि – खरं सांगू? – मला ते आवडलं होतं. वच्छलामावशी पाहुण्यांसाठी पाण्याच्या पेल्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी बोट दाखवलं. वर सगळं सांगितलं. उरलेल्या पोळ्या, पदर, वाळवणं. आवाजसुद्धा जिथे कापायला हवा तिथे कापला.

तिने ताट खाली ठेवलं नाही. तशीच पुढे आली, साहेबांना पाणी दिलं, आणि आत गेली.

काम झालं. ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांना धान्य मिळू लागलं, तिलाही मिळू लागलं. बुवांनी माझी पाठ थोपटली आणि विचारलं, बाईला विचारलं होतं ना आधी? मी म्हणाले, हो.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बायका वाईट नव्हत्या हो. त्यांनी तिच्यासाठी ताट झाकून पाठवायला सुरुवात केली, आणि ते न्यायचं कुणी, तर मी. ती ताट घ्यायची, रिकामं करून, घासून परत द्यायची. 

शेवटी बुवा मला घेऊन तिच्या अंगणात गेले. माणूस सरळ. त्यांनी तिला माझ्यासमोरच विचारलं.

"या पोरीनं तुमाले इचारूनच सांगतलं ना? नसंन इचारलं तर तिले मी आजच घरी धाडतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे.

"हाव, बुवा. इचारलं होतं तिनं."

"मंग पंगतीले काऊन नाही येत?"

"आता मी वाढाले आली तरी लोकाइले वाटते, खायाले आली."

असं कुणी म्हणणार नाही, असं बुवा तिला समजावत राहिले. मी तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. इंटर्नशिप गेली असती, एवढंच ना? तिचं जे गेलं होतं, ते माझ्यामुळे गेलं होतं, आणि तीच मला वाचवत होती. माझ्या प्रमाणपत्रावर "उत्कृष्ट" लिहून आलं. त्या जोरावर नोकरी लागली. मग प्रशिक्षणं घेऊ लागले आणि त्या गोष्टीत ती स्वतःहून उठते असं सांगू लागले – धीट, निर्भय, हात जोडून बोलणारी. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली होती. आता अडखळत नाही.

मागच्या वर्षी कामानिमित्त त्या गावात गेले. गुरुवार होता. तिच्या जागेवर दुसरीच बाई पोळ्या लाटत होती. वच्छलाबाई आहेत घरीच, म्हणाली, येत नाहीत इकडे. मला आग्रहाने पंगतीत बसवलं. मी पोटभर जेवले. मग तिच्या दारावरून जाणारी वाट सोडून मागच्या वाटेने एसटी गाठली.