नक्षीची नोंदणी

आणीबाणी उठली त्या वर्षी मी सोलापुरात कायदा शिकत होते. काम शिकायला बाकीची मुलं फौजदारी वकिलांकडे गेली. मुलीला हाताखाली घ्यायला एकच वकील तयार झाले. त्यांच्याकडे व्यापारचिन्हांची आणि कापडाच्या नक्षीच्या नोंदणीची कामं यायची. दुधनीला घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "नक्षीचं कसलं कोर्ट असतंय?"

साहेब दिवसभर कोर्टात आणि कारकून टाइपरायटरवर. डबा मी एकटीच खात असे. भाड्याच्या खोलीवर परतल्यावरही बोलायला कुणी नसे.

मग एक विणकर येऊ लागले. त्यांनी चादरीवर जोंधळ्याच्या कणसांची नक्षी काढली होती. ती दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून त्यांना नोंद हवी होती. माहिती उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या घरी तेलुगू, माझ्या घरी कन्नड, बोलायचो मराठीतून. काम झालं तरी ते बसत, माझ्या आईची, शेताची चौकशी करत. मी त्यांची वाट बघू लागले.

एकदा मी विचारलं, "ही चादर बाजारात गेली का?"

"व्हय की. दिवाळीतच. लई खपली."

बाजारात आलेल्या नक्षीची नोंद होत नाही. साहेब म्हणाले, "तूच सांग त्यांना." मी सांगितलं. ते बराच वेळ चादरीची घडी घालत राहिले.

"लोकांना आवडली, ते चुकलं म्हणायचं?"

"चुकलं नाही. पण आता नोंद होणार नाही."

"मग दुसरी काढतो. ती आधी तुमाला दाखवतो, मग बाजाराला."

त्यांनी खरंच दुसरी काढली. अर्ज कलकत्त्याच्या नोंदणी कार्यालयात गेला आणि काही महिन्यांनी मंजूर झाला. त्यांनी ऑफिसात पेढे वाटले. त्यानंतर त्यांना यायचं काही कारण उरलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मीच त्यांच्या गल्लीत गेले. माग चालू होते. हात पुसत ते बाहेर आले. चेहऱ्यावर काळजी होती.

"ताई, अर्जात काय राहिलं काय?"

"नाही, सहज आले."

त्यांना बरं वाटलं. बायकोला त्यांनी चहा ठेवायला सांगितला. पण माल वेळेत द्यायचा होता, म्हणून ते मागावर परतले. तिथूनच काहीतरी विचारत राहिले. खडखडाटात मला ऐकू येत नव्हतं. मी नुसती मान हलवत होते. त्यांच्या बायकोला मराठी फारसं येत नव्हतं. चहा संपला तशी मी उठले आणि खोलीवर आले. परीक्षा जवळ आली होती. पुस्तक उघडून बसले, पण त्या दिवशी वाचन काही झालं नाही.