नीलम्माअक्काच्या मशीनचे पाय

आमच्या कसबा बावड्याच्या गल्लीत नीलम्माअक्काच्या शिलाई मशीनला माणसापेक्षा जास्त मान होता. सासूच्या काळातलं, परदेशी बनावटीचं. जवळच्या साखर कारखान्यातल्या निम्म्या लोकांच्या नाडीच्या चड्ड्या त्यावर शिवलेल्या. साहेब असो की वॉचमन, अक्कापुढे सगळे सारखे. खंडेनवमीला ती मशीनवर विभूतीचे तीन पट्टे ओढायची आणि आम्ही शेजारणी प्रसादासाठी ताटकळत बसायचो.

२००४ साली कुणीतरी टीव्हीवर बघितलं, की जुन्या मशीनला लाखाचा भाव येतो. झालं! अक्काचा मुलगा मृत्युंजय जुन्या वस्तू घेणाऱ्या व्यापाऱ्याला घेऊन आला. अक्का सगळ्या गल्लीसमोर म्हणाली, "पावणं, नीट बघा आन् किंमत तुम्हीच सांगा. सांगाल त्या भावात देतो. नीलम्मा शब्द फिरवत न्हाय." मोटरवर चालणारं नवं मशीन तिनं मनातल्या मनात घेऊनही टाकलं होतं.

व्यापारी खाली वाकला. मशीनकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. खालच्या बिडाच्या नक्षीवर हात फिरवत म्हणाला, "स्टँड झकास हाय. दोन हजार देतो. हाटेलवाल्यांस्नी टेबलाला लागतंय."

"आन् मशीन?"

"त्ये ऱ्हाऊ द्या की तुमच्यातच. न्हायतर भंगारात घाला."

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर असा संताप आला, की त्याच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावासा वाटला. "अक्का, देऊ नको," मी म्हटलं. मृत्युंजयही नको म्हणाला. पण अक्का हट्टाला पेटली की देवाचंही ऐकत नाही. स्टँड टेम्पोत चढलं, आणि ती मशीनचं डोकं मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसून राहिली. दोन हजारात नवं मशीन येणार नव्हतं. शिवणकाम तिथंच थांबलं.

पुढच्या वर्षी मृत्युंजयला नोकरी लागली म्हणून त्यानं आम्हाला हायवेवरच्या हॉटेलात जेवायला नेलं. बसलो आणि मी हादरलेच. अख्ख्या हॉटेलात सगळी टेबलं मशीनच्या स्टँडची, वर काच टाकलेली. ताटं आली. जेवता जेवता टेबलाखालच्या पेडलवर अक्काचे पाय आपोआप हलायला लागले.

"मावशी, पाय आवरा," वेटर ओरडला, "आमटी सांडंल की!"

अक्कानं पाय मागे घेतले. मग तिनं मान वळवून एकेक टेबल बघितलं, पार कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत.

"येवढ्या बायका," ती म्हणाली, "आता काय करत असतील गं?"