काचेवरचा ठिपका

नांदेडला आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजसमोर एक झेरॉक्सवाले काका होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मशीनचं झाकण दाबून धरलं की ते डोळे मिटायचे. हिरवा उजेड त्यांच्या हनुवटीवरून कपाळापर्यंत सरकायचा आणि भर दुपारी ते दुकान पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं.

सीनियरांनी सोडवलेली गणितं आम्ही सगळे त्यांच्याकडूनच घ्यायचो. एका सबमिशनला तुळईवरच्या भाराचं उत्तर अख्ख्या वर्गाने ४.५ लिहिलं. खरं उत्तर ४५ होतं. सरांनी सगळ्यांच्या फायली परत केल्या, परीक्षेला बसू देतात की नाही अशी वेळ आली. मी तावातावाने काकांकडे गेले.

त्यांनी माझं पान उन्हात धरलं, मग झाकण उचलून काच पाहिली. शाईचा एक वाळलेला कण होता. तो प्रत्येक पानावर उमटला होता. या गणितात नेमका चार आणि पाचाच्या मधे.

"चुकलंच माझं," म्हणत त्यांनी तो नखाने खरवडला. मग हळूच म्हणाले, "पण ताई, मशीनला गणित येत न्हाई, म्हणून त्यानं ठिपका छापला. तुमाला तर येतंय की."



त्यानंतर माझं प्रत्येक पान ठेवण्याआधी ते रुमालाने काच पुसायचे, झोपलेल्या बाळाचं तोंड पुसावं तसं.

आता मी पुलांचे आकडे तपासते. दशांशचिन्ह दिसलं की आधी त्यावर बोट घासून बघते. ते जात नाही. तरीही गणित पहिल्यापासून करते.