बारसं डोंगरावर नेलं

माझं नाव माझ्या आत्याने ठेवलं. जुन्नरला माझं बारसं होतं तेव्हा तिकडे भीमाशंकरच्या डोंगरात, आत्याच्या तळेघरला भाताची लावणी चालू होती. एसटी आलीच नाही. आत्या भिजत घाट उतरली, मिळेल त्या गाडीने जुन्नरला पोचली, आणि चिखलाचे पाय धुऊन थेट पाळण्यापाशी गेली. हे मी आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता डोळ्यांपुढे दिसतं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नव्वदच्या दशकात मी आणि माझा भाऊ दर दिवाळीनंतर वडिलांबरोबर तिच्याकडे जायचो. एसटीतून उतरल्यावर बरंच चालावं लागे. ती बांधावर वाट पाहत उभी असायची. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायची, "ही माज्या भावाची पोरं. जुन्नरच्या शाळंत हायेत." तिचं ते बोलणं ऐकून आम्हीही जरा ताठ उभे राहायचो.

पुढे तिचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना, तिचं जुन्नरला येणं थांबलं. त्याच सुमारास माझ्या भावाला मुलगी झाली. बाळाचं नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणजे आता माझा. घरात जुन्नरचं कार्यालय बघायचं चाललं होतं. मी म्हणाले, "आत्याला खाली येता येत नाही, तर बारसंच वर नेऊ."

वहिनीच्या आई पेठहून आल्या होत्या. त्या दचकल्याच. "तान्ह्या लेकराला डोंगरात न्यायचं? जवळ दवाखाना तरी हाय का?" त्यांचं चुकीचं नव्हतं. शेवटी वहिनीच म्हणाली, "सव्वा महिना होऊ द्या. मग मी येते बाळाला घेऊन." स्वतःच्या आईसमोर ती ठामपणे बोलली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

जीप करून निघालो. वस्तीकडचा शेवटचा रस्ता उखडलेला होता, तिथून चालणं आलं. बाळ वडिलांकडून भावाकडे, भावाकडून वहिनीच्या आईंकडे गेलं. मी हात पुढे केले तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, माज्याकडं निजलंय." पार घरापर्यंत त्यांनी ते कुणाला दिलं नाही.

आत्या नवं लुगडं नेसून उंबऱ्यात बसली होती. आढ्याला पाळणा टांगला होता. वस्तीतल्या बायकांनी घर भरलं होतं. मी म्हणाले, "आत्या, नाव तूच ठेव."

"खुळी का काय! मान तुजा हाय. माजा व्हता तो तुमच्या येळंला झाला."

"मग दोघी मिळून ठेवू."

ती माझ्या खांद्यावर भार देऊन उठली. बाळाच्या एका कानापाशी ती वाकली, दुसऱ्या कानापाशी मी. दोघींनी कुर्र केलं आणि नाव सांगितलं. त्याबरोबर रीतीप्रमाणे बायकांचे धपाटे माझ्या पाठीत बसले. आत्याच्या पाठीशी मात्र सगळ्यांचे हात अडले.

"मारा की गं! मी काय काचंची हाय?"

पहिला धपाटा वहिनीच्या आईंनी घातला. घर हसून दणाणलं. वडील दाराशी उभे होते. शेजारच्या माणसाला ते म्हणाले, "आमच्या घरातली समदी नावं हिनंच ठेवलीत." एरवी मोजकं बोलणारे वडील, पण त्या दिवशी हे त्यांनी भेटेल त्याला सांगितलं.

आत्या त्यानंतर काही वर्षं होती. तिच्या नातवंडांनी आणि आम्ही एक रीतच करून टाकली: घरात कुणाचंही बाळ जन्मलं की बारसं तळेघरला. ती गेल्यावरही ते चुकलं नाही. आता जीप थेट अंगणात जाते. आणि पेठच्या त्या आजी गावभर सांगतात, "आमच्या नातीचं बारसं भीमाशंकरच्या डोंगरात झालंय. मी सोता उचलून नेली तिला."