बॅटरीची उमर

मोतीरामकाकांना कुठल्याही दुकानात घेऊन जायचं म्हणजे डोक्याला ताप. गेल्या वर्षी कुकरचा साधा रबर आणायला गेलो, तर त्यांनी दुकानदाराला विचारलं, "हा काळाच काऊन असते?" दुकानदार म्हणाला, पांढराही असतो. मग काळ्या आणि पांढऱ्यात फरक काय, हे काकांना कळेपर्यंत मी बाहेर गाडीत उकडत बसलो होतो. रबर घरी आला की नाही हे आता आठवत नाही, पण काळ्या-पांढऱ्यातला फरक मलाही पाठ झाला आहे.

तेलंगणातल्या उटनूरला त्यांचं आणि आमचं घर एकाच भिंतीला टेकलेलं. मी विम्याचा एजंट. माझ्याकडे चारचाकी आहे, एवढाच माझा गुन्हा. काका तहसील कचेरीत कारकून होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण कचेरी काही त्यांच्या अंगातून उतरत नाही. आमच्याकडच्या जुन्या कारकुनांच्या तोंडात निजामाच्या वेळची उर्दू अजून आहे. फाइलला ते मिसल म्हणतात. काकांच्या मनात एखादी नवी शंका आली की ते भिंतीपलीकडून जाहीर करतात, "भार्गव, मिसल उघडली रे!" त्यांची सून प्रीती नागपूरची. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं हे ऐकलं, तेव्हा सासऱ्यांना मिसळ खायची इच्छा झाली असं समजून बिचारीनं पाव मागवले होते.

मिसल उघडली की मग मौका पाहायचा, म्हणजे जागेवर जाऊन खात्री करायची. ऐकीव गोष्टीवर काका विश्वास ठेवत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी छतावर सोलर बसवलं. बसवायला आलेल्या माणसाला इतकं विचारलं, इतकं विचारलं, की तो अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेला. नेमका कामाचा प्रश्न तेवढा राहिला. बिल जवळजवळ शून्यावर आलं आणि काका गल्लीत छाती काढून फिरायला लागले. मग एक दिवस भर दुपारी वीज गेली. गल्लीतली पोरं तेलुगूत ओरडली, "करंट पोयिंदी!" काका खुर्चीत रेलून म्हणाले, "जाऊ दे. आपल्याले काय?" आणि डोक्यावरचा पंखा फिरता फिरता थांबला.

डोक्यावर रणरणतं ऊन, छतावर सोलर, आणि घरातला पंखा बंद! मला तर संतापच आला. पैसे त्यांचे आणि चिडत होतो मी. काका मात्र चपला घालून लाइनमनच्या शोधात निघाले. तासाभरानं परत आले ते चेहरा उजळूनच. लाइनमननं त्यांना सांगितलं होतं की वीज जाते तेव्हा त्यांचा माणूस खांबावर चढलेला असतो. छतावरच्या सोलरमधून तारेत वीज आली तर तो जागच्या जागी जाईल. म्हणून बाहेरची वीज गेली की असलं सोलर आपोआप बंद पडतं. घर चालू ठेवायचं असेल तर वेगळी बॅटरी आणि तिच्या जोडीचं यंत्र लागतं. "पाह्य बरं," काका मला म्हणाले, "माणसाचा जीव वाचवासाठी आपला पंखा बंद होते. केवढं डोकं लावलं कोणी!" पुढचा महिनाभर भेटेल त्याला ते हेच सांगत होते. बॅटरी महाग होती आणि गरज काही नव्हती, म्हणून मिसल बंद झाली.

गेल्या हिवाळ्यात मनकर्णाकाकू दवाखान्यातून घरी आल्या, त्या नाकाला नळी लावून. काकूंचं अर्धं आयुष्य वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेलं. शे-दीडशे पोरींचा भात लाकडाच्या चुलीवर शिजवता शिजवता धूर छातीत बसला, तो बसलाच. आता त्यांना ऑक्सिजनची मशीन लागते. ती हवेतून ऑक्सिजन काढते आणि नळीनं नाकाला देते. दिवसा थोडा वेळ सुटका, बाकी सगळा वेळ मशीन. चार-पाच पंख्यांएवढी वीज ती एकटी खाते. घरातल्या जुन्या इन्व्हर्टरला ती लावली की तो शिट्टी मारून गप्प होतो. वीज गेल्यावर कामी यावा म्हणून एक छोटा सिलिंडर होता, पण तो भरून आणायचा म्हणजे आदिलाबादला जावं लागतं. आणि आमच्याकडे जोराचा वारा सुटला, की जंगलातलं एखादं झाड तारेवर पडणार, हे धरूनच चालायचं.

मुलगा धम्मदीप हैदराबादला असतो. पोरगा गुणी आहे. त्यानं सरळ सांगितलं, "बाबा, पावसाळ्याच्या आधी काहीतरी पक्कं करा. नाई तं मी आईले इकडे घेऊन येतो." काकू एकदा त्याच्याकडे राहून आल्या होत्या. चौथा मजला, खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. "तिथं मले हवा मिळन," त्या मला म्हणाल्या, "बोलायले कोणी नाई मिळन. इथं पौर्णिमेले विहारात जाता नाई आलं तरी वंदना ऐकू येते मले." त्यांना त्यांचं घर सोडायचं नव्हतं. बॅटरी आली तर त्या उटनूरला राहणार होत्या, नाहीतर जाणार होत्या. गोष्ट एवढीच होती.

"भार्गव," भिंतीपलीकडून आवाज आला, "बॅटरीची मिसल पुन्हा उघडली."

मौका पाहायला आम्ही नेरडीगोंड्याला गेलो. तिथल्या अमृतरावांचं बियाण्याचं दुकान आहे आणि घरात सोलरची बॅटरी आहे, असं काकांनी कुठूनसं शोधून काढलं होतं. अमृतराव माल उतरवून घेण्यात गुंतले होते. ओसरीवर त्यांच्या आई चंद्रभागाबाई बसल्या होत्या. काकांनी नमस्कार केला आणि बसायच्या आधीच विचारलं, "आजी, बॅटरी कितीत पडली?"

आजी दचकल्या. "पडली? कवा पडली? आता तं कोपऱ्यात उभी होती!" आणि त्या उठून आत पाहायला निघाल्या. त्यांना पुन्हा खाली बसवून, पडली म्हणजे केवढ्याला मिळाली, हे समजावताना मला हसू आवरेना.

बॅटरी कोपऱ्यात उभीच होती, पण मेलेली. तेवढ्यात अमृतराव आले आणि त्यांनी सगळी कथा सांगितली. ही साधी, पाणी टाकायची बॅटरी. दुकानदारानं चार-पाच वर्षांची खात्री दिली होती. ती दोन वर्षांत गेली. कारण तिच्यात टाकायच्या डिस्टिल पाण्याची बाटली संपली, तेव्हा आजींनी बोअरचं पाणी टाकलं होतं.

"तं काय झालं?" आजी म्हणाल्या. "आमच्या बोअरचं पाणी गोड हाय. सारं गाव नेते."

"गोड पाण्यात बी क्षार असतेत ना आई," अमृतराव म्हणाले. हे वाद त्या घरात पुष्कळदा झालेले दिसत होते.

काकांना तर खजिनाच सापडला. बोअरचं पाणी टाकल्यावर बॅटरी किती दिवस चालली, आधी काय बिघडलं, वास आला का? मग भिंतीवरची नवी बॅटरी पाहिली. ती लिथियमची. तिला पाणी नको, वास नाही, आवाज नाही. काकांनी तिला हात लावून पाहिला, कान लावून पाहिला. अमृतराव म्हणाले की हिची पंधरा वर्षं तरी चिंता नाही. पण पाण्याच्या बॅटरीच्या तिप्पट पैसे मोजावे लागले. सगळं धरून दीड लाखाच्या घरात.

"म्हंजे पैसा वस्तूचा नाई," परतताना गाडीत काका खुशीत म्हणाले, "पैसा उमरीचा हाय! जितकी उमर, तितका पैसा." आपल्याला मोठंच गणित सुटलं असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी त्यांनी धम्मदीपला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. काकू बाजूला लसूण सोलत बसल्या होत्या, मी चहा पीत होतो. काकांनी सगळा वृत्तांत दिला. धम्मदीप शांतपणे म्हणाला, "बाबा, मंग पाण्याचीच घ्या ना. दीड लाख काऊन घालता? पाणी नीट टाकलं तं चार-पाच साल चालते. तोवर आईले..."

आणि तो थांबला. मग घाईघाईनं म्हणाला, "तोवर नवीन काहीतरी निघनच म्हणा."

माझा धंदा विम्याचा. असली वाक्यं कुठं निघालेली असतात आणि कुठं वळवली जातात, हे मला चांगलं कळतं. काकांनाही कळलं. काकू लसूण सोलत राहिल्या. काकांनी फोन ठेवला, मला अंगणात नेलं आणि हळूच विचारलं, "भार्गव, तुमच्या धंद्यात हे कसं काढतेत रे? माणसाची उमर?"

मी चिडलो. कोणावर चिडलो ते सांगता येणार नाही. "काका, आमच्याकडे लाखो माणसांची सरासरी काढतात. एका माणसाचं कोणालाच काढता येत नाही."

"डॉक्टर बी तेच म्हणते," ते म्हणाले.

त्यानंतर काकांची चौकशी नुसती भटकायला लागली. बॅटरीचा रंग, बॅटरीचं वजन, कोणत्या देशातून माल येतो, सगळं विचारून झालं. पण कोणती घ्यायची ते ठरेना. रिटायरमेंटच्या पैशांतून दीड लाख निघाले असते, अडचण ती नव्हती. पाण्याची घ्यावी तर काकूंना चारच वर्षं दिल्यासारखं होत होतं. लिथियमची घ्यावी तर आपणच आपल्याला फसवतोय असं वाटत होतं. हे ते बोलले नाहीत, पण त्यांच्या तोंडावर सगळं दिसत होतं. तिकडे धम्मदीपनं फोन करून सांगितलं, "रविवारी येतो. आईचं सामान बांधून ठेवा."

शुक्रवारी मी काकांना आदिलाबादला न्यायला गाडी काढली, तर काकू तयार होऊन दारात उभ्या. इस्त्रीचं पांढरं लुगडं, नाकाला नळी, बाजूला सिलिंडर.

"तू कुठी?" काकांनी विचारलं.

"मौका पाहायले," काकू म्हणाल्या. "तुमीच पाहाचा का?"

दुकान एका हिंदी बोलणाऱ्या सेठचं. दोन्ही बॅटऱ्या शेजारी शेजारी मांडलेल्या. काकू प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या, सिलिंडर मी त्यांच्या पायाशी ठेवला. काकांनी एकीकडून सुरुवात केली. अर्धा तास विचारूनही खरेदीचं नाव निघेना, तेव्हा सेठ हसून म्हणाला, "बाबूजी, आप पहले ये बोलिए, उमर कितनी चाहिए? पाँच साल की, या पंद्रह साल की?"

 काकांची नजर काकूंकडे गेली आणि तशीच मागे फिरली. सेठनंही तिकडे पाहिलं. त्याला नळी दिसली, सिलिंडर दिसला, आणि बिचारा फडका घेऊन स्वच्छ असलेली बॅटरी पुसायला लागला.

"याचं वजन किती म्हणले तुमी?" काकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"वजन राहू द्या," काकू म्हणाल्या. त्या थोडं बोलायच्या आणि दम घ्यायच्या. "सेठजी, ये हवा का मशीन कल नहीं रहा, तो बैटरी बेकार जाती क्या?"

"बेकार काहे को माताजी? पंखा, लाइट, टीवी, फ्रिज, सब चलेगा."

"मंग पंधरा सालाची द्या."

"अवं, पण..." काका म्हणाले.

"पण काय? त्यातली मले जितकी लागन तितकी मी घेईन. बाकीची तुमची." काकूंनी दम घेतला. "अवो, लाईन गेली की तुमी घरात टिकता काय? अंधार पडला की निंगाले गल्लीत, कुठी काय झालं ते पाहाले. मी हाक मारते म्हणून वापस येता. मंग कोण हाक मारन तुमाले? घरात उजेड असला म्हंजे बसान तरी एका जागी."

इतके दिवस आम्ही सगळे काकूंचीच वर्षं मोजत होतो. मी, धम्मदीप, काका, सगळे. काकांच्या वर्षांचा विचार त्या एकट्या करत होत्या, लसूण सोलता सोलता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि तितकंच बरंही वाटलं.

काका बॅटरीच्या रिकाम्या खोक्यावर बसले आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, लहान मुलासारखे रडायला लागले. सेठला काय करावं सुचेना. त्यानं मशीनवर बिल काढायला घेतलं आणि मध्येच थांबून माझ्याकडे पाहिलं.

काकूंनी त्याला हातानं थांबायची खूण केली. "थोडं रडू द्या त्यायले," त्या म्हणाल्या. "मंग देतीन पैसे."